अण्णांचं शेवटचं गिऱ्हाईक

अण्णा साळोखे कुणालाही पहिल्यांदा भेटले की तोंडाकडे बघत नसत, कमरेकडे बघत.

माझ्याकडेही त्यांनी तसंच बघितलं. दोन हजार वीसचा फेब्रुवारी. डब्लिनच्या कडेला, सिटीवेस्टमधल्या आमच्या घरासमोर मी कचऱ्याचा डबा रस्त्यावर ओढत होतो, तेवढ्यात शेजारच्या मृणालचे वडील दारात येऊन उभे राहिले. कोल्हापूरहून नुकतेच आले होते. मी अदबीनं ‘नमस्कार काका’ म्हणालो. नमस्काराला उत्तर आलं नाही. मान कलती करून, एक डोळा बारीक करून त्यांनी माझा पट्टा न्याहाळला आणि उभ्या उभ्या निकाल दिला.

“पोट फुडं हाय. समोर बसायचं न्हाई. उजव्या अंगाला, जरा मागं. आखूड नळी, पाच गोळ्या. बास.”

मृणाल मेडिकल उपकरणांच्या कारखान्यात इंजिनिअर. तेव्हा वडील डॉक्टर असणार, असा सोयीस्कर अंदाज बांधून मी विचारलं, “जेवणाआधी घ्यायच्या की नंतर?”

अण्णांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं. मीही इंजिनिअर, हे त्यांच्या कानावर आलं होतं. “घ्यायच्या न्हाईत, इंजिनेर. घालायच्या.”

आतून मृणाल धावत आली आणि “बाबा, आत या बरं” म्हणत त्यांना दंडाला धरून घेऊन गेली. जाताना मला म्हणाली, “सॉरी रे. त्यांचं बंदुकांचं दुकान होतं.”

दुकान वडिलांपासूनचं, परवान्याचं. शिकारीच्या बंदुका, पिस्तुलं, काडतुसं. पण अण्णांची खासियत एकच: कोटाआड, सदऱ्याआड, कुणाला पत्ता न लागता बाळगायचं छोटं रिव्हॉल्व्हर. त्यातही मॅग्नम. मला पुढे वर्षभर हा विषय इतका ऐकावा लागला की आता मी कुणाच्याही लग्नात त्यावर बोलू शकेन. मॅग्नम म्हणजे काडतूस लांब, दारू जास्त, ताकद दांडगी. असलं काडतूस मोठ्या, जड हत्यारातून उडवलं तर हत्यार धक्का पिऊन टाकतं. लहान, हलक्या हत्यारातून उडवलं की तोच धक्का मनगटाला बसतो. “शिंगरू लहान, पण लाथ घोड्याची,” अण्णा म्हणायचे. आणि गिऱ्हाइकाला नेमकं तेच पाहिजे असायचं: दिसायला एवढंसं, बाळगायला हलकं, ताकदीला मोठं. “म्हंजे म्हशीचं दूध पायजे, नि वैरण शेळीची घालणार!”

म्हणून निवड अवघड. आणि निवड हेच अण्णांचं आयुष्य. “घाई करायची न्हाई. हत्यार नि जावई, दोन्ही बघून घ्यायचं,” हे त्यांचं ब्रीदवाक्य. समीर, म्हणजे मृणालचा नवरा, हे वाक्य आलं की उठून चहा ठेवायला जायचा.

मग माल बाहेरून यायचा बंद झाला, परवाने मिळणं अवघड झालं, जुने परवानेवाले म्हातारे होत गेले. अण्णांनी शटर ओढलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत मृणालच्या आई, काकू, गेल्या. मृणालनं त्यांना तीन महिन्यांपुरतं हवापालटाला म्हणून आयर्लंडला आणलं. अण्णा आले आणि मागोमाग जग बंद झालं.

लॉकडाऊनमध्ये आमची घरं म्हणजे एकाला एक चिकटलेल्या तीन डब्या. डावीकडे मृणाल, मध्ये मी, उजवीकडे मार्टिन आणि त्याची बायको नोरा. मागच्या बाजूला छातीएवढ्या लाकडी कुंपणांची छोटी अंगणं. मृणालला कारखान्यात जावंच लागे, समीर दिवसभर खोलीत कॉलवर. माझी सॉफ्टवेअर कंपनी दूर सँडीफोर्डला, पण आता मी स्वयंपाकघराच्या टेबलावरून तिथं हजेरी लावत होतो. त्यामुळे अण्णांच्या वाट्याला आलो मी. मी लॅपटॉप घेऊन मागच्या दारात बसायचो आणि कुंपणापलीकडून अण्णांचं दुकान उघडायचं.

काय काय ऐकलं मी त्या वसंतात! काचेची कपाटं, तेलात भिजवलेल्या फडक्याचा वास, सकाळी पहिली भवानी झाल्याशिवाय चहा न पिणारे त्यांचे वडील. “सोनाराला लहान द्यायचं, कारण त्यो दिवसभर बसून. पहिलवानाला जरा जाड मूठ, न्हाईतर करंगळी हवेत लोंबकळती. पुढाऱ्याला मोठ्यात मोठं, कारण त्याला ते वापरायचं नसतंय, दाखवायचं असतंय. जो खरा बाळगणारा, त्यो लपवून बाळगतो.” हे सांगताना त्यांचे हात हवेत उघडझाप करायचे. उजव्या हातानं न दिसणारं ड्रॉवर ओढायचे, न दिसणारं हत्यार माझ्यासमोर ठेवायचे, आणि मीही नकळत त्याच्याकडे वाकून बघायचो.

घरापासून दोन किलोमीटर चालायची परवानगी होती. अण्णांना घेऊन गेलो की रस्त्यानं मापं चालूच. एक उंच बाई कुत्रं घेऊन चाललेली. “हिला खांद्याखाली.” लुआसच्या, म्हणजे इथल्या ट्रामच्या, रिकाम्या थांब्यावर एकटा उभा असलेला माणूस. “ह्याला घोट्यापाशी, लई सुरेख.” आयर्लंडवर ते एका गोष्टीसाठी बेहद्द खूश होते. “ह्यो देश देवानं लपवून बाळगायलाच केलाय, इंजिनेर. बारा महिने कोट! आमच्याकडं वैशाखात सदऱ्याखाली काय लपवणार?” पण मी जेव्हा सांगितलं की इथं असलं रिव्हॉल्व्हर कोटाखाली घेऊन हिंडायची सामान्य माणसाला परवानगीच नाही, आणि रस्त्यावरच्या पोलिसाकडेही बंदूक नसते, तेव्हा ते थांबले. पलीकडून एक पोलीस चालला होता. अण्णांनी सवयीनं त्याच्या कमरेकडे बघितलं.

“मग ते काय लटकतंय?”

“टॉर्च, अण्णा.”

“टॉर्च!” अण्णा कळवळून म्हणाले. “एवढा चांगला पट्टा, नि टॉर्च!”

मार्टिनशी त्यांची ओळख झाली ती कुंपणावरूनच, माझ्या अंगणाच्या आरपार. मार्टिन आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला, रुंद खांद्यांचा, गुलाबी चेहऱ्याचा माणूस. मी ओळख करून दिली, “हे अण्णा.”

मार्टिन गोंधळला. “ॲना? माझ्या बहिणीचं नाव ॲना. कॉर्कला असते.”

तेव्हापासून तो त्यांना ‘मिस्टर ॲना’ म्हणू लागला. इथं कुठल्याही माणसाचा उल्लेख ‘युअर मॅन’ असा करतात. म्हणजे आपलं ‘तो गडी’. मार्टिन मला विचारायचा, “युअर मॅन आज कसा आहे?” अण्णांना तेवढं इंग्रजी कळायचं. एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन ठणकावलं, “त्याला सांग, मी कुणाचा म्यान न्हाई. माझं सोताचं दुकान हुतं.”

मे महिन्यात नोरा गेली. बरेच दिवस आजारी होती. अंत्यविधीला मोजक्याच लोकांना परवानगी, म्हणून इथले लोक करत होते तसं आम्ही केलं: शववाहिका जाताना सगळी गल्ली आपापल्या फाटकाशी उभी राहिली, एकमेकांपासून लांब लांब. तिच्यामागे मार्टिनची गाडी, आत एकटा मार्टिन. अण्णा इस्त्री केलेला पांढरा सदरा घालून, हात जोडून उभे होते. गाडी वळणावर दिसेनाशी झाली, लोक आत गेले, तरी ते तसेच उभे. मृणाल बोलवायला आली तेव्हा म्हणाले, “ह्याच्या घरी आता कोण हाय?”

“कोणी नाही, बाबा. मूलबाळ नाही त्यांना.”

अण्णा चपला काढून आत गेले.

त्यानंतर मार्टिन बरेच दिवस दिसला नाही. दिसला तेव्हा जूनचं ऊन पडलं होतं आणि अण्णा मला रिव्हॉल्व्हरच्या चक्रीत गोळ्यांची पाच घरं बरी की सहा, हे समजावत होते. सहाची चक्री जाड होते, कोटाला फुगवटा येतो. पाचाची सपाट बसते. मार्टिन कुंपणाशी येऊन उभा राहिला. अण्णांचे हात हवेत गोल गोल फिरताना बघून त्यानं विचारलं, युअर मॅन काय सांगतोय? मी सांगितलं. तो थोडा हसला. नोरानंतर पहिल्यांदाच.

“मग विचार त्याला,” मार्टिन म्हणाला, “माझ्यासाठी कुठलं?”

मी भाषांतर केलं. अण्णा सावकाश उठले. टोपी सारखी केली. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं, आता ते कुंपणाला हार घालणार.

“विचार, त्याला कसलं पायजे.”

मार्टिननं खांदे उडवले. “काहीही चालेल. मी कशाला नखरे करू?”

तेही मी सांगितलं. अण्णांनी मार्टिनच्या कमरेकडे बघितलं, मग तोंडाकडे. बराच वेळ. मग म्हणाले, “न्हाई, असं चालायचं न्हाई. ह्याचं माप घ्यावं लागंल. वेळ लागंल. सांग त्याला, रोज यायचं.”

“अण्णा, पण इथं ते मिळणारच नाही.”

“मिळायचं न मिळायचं नंतर. आधी निवड.”

आणि निवड सुरू झाली. मी दुभाषा. अण्णांचं इंग्रजी बॅरल, ट्रिगर, मॅग्नम आणि नव्यानं शिकलेल्या ‘ग्रँड’वर, म्हणजे इथल्या ‘छान, ठीक’वर, संपायचं. घरात माझी मुलगी म्हणायची, “बट मॅग्नम इज ॲन आइस्क्रीम, बाबा,” आणि तिच्या दृष्टीनं दोन आजोबा उन्हाळाभर रोज आइस्क्रीमवर चर्चा करत होते.

पहिल्यांदा हाताचं माप. अण्णांनी मृणालच्या परातीतला कणकेचा गोळा घेतला, लांबट केला, ताटलीत ठेवून माझ्या कुंपणावर ठेवला. मी तो पलीकडच्या कुंपणावर ठेवला. मार्टिननं साबणानं हात धुऊन गोळा मुठीत आवळला आणि ताटली उलट्या वाटेनं परत आली. कणकेत चारही बोटं उमटली होती, अंगठीच्या गोल खुणेसकट. अण्णा चष्मा लावून बघत बसले.

“बस चालवलेला हात. पंजा एवढा, नि हत्यार पायजे बारकं. अवघड हाय.” अवघड म्हणताना ते आनंदानं नुसते निथळत होते.

हात झाला, मग कोट. मार्टिनला घरातले सगळे कोट एकेक घालून अंगणात चालून दाखवावं लागलं. रिव्हॉल्व्हरचा घोडा, म्हणजे मागचा खटका, उघडा असेल तर अस्तरात अडकतो. झाकलेला असेल तर अडकत नाही. पण झाकलेल्याचा चाप ओढायला जड. हा वाद आठवडाभर पुरला. मार्टिन हळूहळू स्वतःची मतं मांडू लागला. एकदा अण्णांनी सहा घरांची बाजू घेतली तेव्हा तो चक्क म्हणाला, “त्याला सांग, मागच्या मंगळवारी तो पाच म्हणत होता!” अण्णा खूश. “वळणावर येतंय गिऱ्हाईक.”

शरद ऋतूत पुन्हा कडक लॉकडाऊन लागला आणि अण्णांनी वजनाची परीक्षा काढली. गोळ्या घातल्यावर छोट्या मॅग्नमचं वजन साधारण किती होतं, ते त्यांना हातानं ठाऊक होतं. त्यांनी मृणालच्या स्वयंपाकघरातून मसुराची डाळ घेतली, हातात तोलत तोलत एका जाड मोज्यात भरली, तोंड शिवलं आणि मार्टिनला पट्ट्याला लावायला दिली. कोट वरून. “हे घेऊन रोज सकाळी पार तळ्यापर्यंत जायचं नि यायचं. कंबर दुखती का, चाल बदलती का, मला सांगायचं.” मार्टिन म्हणाला, तळ्याकडे पूर्वी तो रोज नोराबरोबर जायचा, ती गेल्यापासून गेलाच नव्हता. मी हेही सांगितलं. अण्णा म्हणाले, “मग तर जायलाच पायजे. सवयीच्या वाटंवरच हत्याराची परीक्षा हुती.”

तेव्हा पोलिसांनी रस्त्यावर लोकांना थांबवून कुठं चाललात विचारायला सुरुवात केली होती. एका सकाळी मार्टिनलाही एका तरुण पोलिसानं थांबवलं. व्यायामाला, मार्टिन म्हणाला. पोलिसाचं लक्ष कोटाच्या फुगवट्याकडे गेलं. तिथं काय आहे?

मार्टिननं मोजा काढून दाखवला. “मसुराची डाळ.”

“डाळ कशाला?”

“रिव्हॉल्व्हर निवडतोय. पण अजून ठरलेलं नाही.”

पोलिसानं मोजा हातात घेतला, दाबला, परत दिला. “सूप चांगलं होतं याचं,” म्हणाला आणि जाऊ दिलं. हे मार्टिननं घरी येऊन सांगितलं तेव्हा तो हसता हसता कुंपणाला धरून खोकू लागला. मी मराठीत सांगेपर्यंत मलाही हसू आवरेना. अण्णा मात्र गंभीर. “फुगवटा दिसला म्हंजे जागा चुकली. अजून मागं घ्यावं लागंल.”

मग ख्रिसमस आला. पहिल्यांदाच मार्टिनच्या घरात झाड लागलं नाही. नववर्षानंतर आकडे वाढले, सगळं पुन्हा बंद झालं, दुपारीच अंधारून येत होतं. मार्टिन कुंपणाशी यायचा थांबला. एक दिवस, दुसरा, तिसरा. पुढच्या खोलीचे पडदे ओढलेले. मी फोन केला तर म्हणाला, “मी ग्रँड आहे. जरा दमलोय.” इथं माणूस जिन्यावरून पडला तरी ग्रँडच असतो, त्यामुळे त्या शब्दावरून काहीच कळत नाही.

त्याच दिवशी दुपारी मी कामात होतो तेव्हा बाहेरून आवाज आला. “मार्टिनराव! ओ मार्टिनराव!”

खिडकीतून बघतो तर अण्णा. कानटोपी, मफलर, समीरचं पावसाळी जाकीट, हातात ताटली. ते मार्टिनच्या दारावर थापा मारत होते. कुणाच्या दारात जायची तेव्हा सोय नव्हती. मी मास्क लावून बाहेर धावलो.

“अण्णा, काय चाललंय? आत चला. थंडी आहे.”

“माप राहिलंय ह्याचं.”

“नंतर घेऊ की!”

“नंतर न्हाई. आत्ता.” आणि ते मार्टिनच्या पायरीवर बसले. पायरी ओली होती. “त्याला इंग्रजीत सांग, म्हातारा हितनं उठायचा न्हाई म्हणून.”

मी पत्रपेटीच्या फटीतून तसं ओरडून सांगितलं. रस्त्यापलीकडच्या बाईंनी पडदा सरकवला. मी परत सांगितलं. आत काही हललं नाही. अण्णा मांडीवर ताटली घेऊन बसलेले, कणीक थंडीनं कडक होऊ नये म्हणून वरून तळहात धरलेला. कधी एकदा दार उघडतंय असं झालं आणि ते उघडलंच नाही तर काय, असंही पहिल्यांदाच मनात आलं.

दार उघडलं. मार्टिन ड्रेसिंग गाऊनमध्ये होता. दाढी वाढलेली. चेहऱ्याचा गुलाबी रंग गेलेला. अण्णांनी बसल्या बसल्या ताटली वर केली. मार्टिननं माझ्याकडे बघितलं, मी खांदे उडवले. त्यानं कणीक घेतली, आवळली, परत दिली.

अण्णांनी गोळा उजेडात धरला. बोटांच्या खुणा जेमतेम उमटल्या होत्या.

“ह्यो जेवलेला न्हाई,” अण्णा म्हणाले. “किती दिवसांत न्हाई कुणास ठाऊक. जा, मृणालकडं भात-आमटी असंल, घेऊन ये. तूप जास्त घालून आण.”

मी आणलं. ते दोघं उघड्या दारात, मधे उंबरा ठेवून बसले, मार्टिन आत खुर्चीवर, अण्णा बाहेर पायरीवर. मार्टिन चमच्यानं सावकाश जेवला. अण्णा मधूनमधून मराठीत काहीतरी सांगत होते. मी भाषांतर करायला लागलो तर हातानं मला थांबवलं. ते नळ्या, चक्र्यांबद्दल काहीच सांगत नव्हते. काकू गेल्यावर स्वयंपाकघरात आपल्याला मिठाचा डबासुद्धा सापडत नव्हता, आणि तो विचारायचा कुणाला हेही कळत नव्हतं, असं काहीतरी सांगत होते. मार्टिनला त्यातला एक शब्द कळत नव्हता. तो मान हलवत होता.

परत येताना मी अण्णांना त्यांच्या फाटकापाशी थांबवलं. “अण्णा, तुम्हाला कसं कळलं?”

त्यांनी मफलर सोडला, परत गुंडाळला.

“इंजिनेर, दुकानात दोन तऱ्हेची माणसं यायची. एक, कुणाच्या तरी रागानं आलेला. बांधाचं भांडण, भावकी. त्यो दारातनंच बोलत येतो. त्याला सांगायचं, हे तुला बसत न्हाई, ते बसत न्हाई, चार खेपा घाल. खेपा घालून घालून राग उतरतो. दुसरा बोलत न्हाई. त्याला नळी केवढी, घरं किती, काय विचारायचं नसतंय. कुठलंबी द्या म्हणतो. जो बाळगायला घेतो, त्याला उद्याची काळजी असती. म्हणून त्यो चिकित्सा करतो, घासाघीस करतो. ज्याला चिकित्साच नगं, त्याला उद्याच नगं असतो. त्याला हत्यार न्हाई दाखवायचं. त्याला खुर्ची द्यायची, चा सांगायचा, नि म्हणायचं, उद्या या.”

“आणि यायचे?”

“येत्यात की. कुणीतरी उद्या ये म्हणाया पायजे असतंय.”

मला जूनमधली ती दुपार आठवली. ‘काहीही चालेल,’ मार्टिन म्हणाला होता, आणि मीच ते हसत हसत मराठीत सांगितलं होतं. त्या वाक्यात काय आहे ते मला कळलं नव्हतं. ज्यांना इंग्रजी येत नव्हतं त्यांना कळलं होतं.

“म्हणजे गेले सात-आठ महिने तुम्ही…”

“मग काय, खरंच निवडत हुतो?” अण्णा जरा चिडूनच म्हणाले. मग खाली बघत, चपलेनं पायरीवरचं पान सरकवत म्हणाले, “आणि मलाबी बरं वाटत हुतं, बाबा. दुकान बंद झाल्यापासनं माझ्याकडं कुणी काय मागाया आलं न्हवतं.”

संध्याकाळी मृणालनं मार्टिनकडून त्याच्या बहिणीचा नंबर मिळवला. कॉर्कची ॲना तेव्हापासून भावाला रोज फोन करू लागली आणि तिनंच त्याला डॉक्टरांशी बोलायला लावलं. दुपारचं जेवण आमच्या दोन घरांतून आळीपाळीनं जाऊ लागलं. मार्टिनला पिठलं आवडलं नाही, थालीपीठ आवडलं. कुंपणाशी येणं हळूहळू पुन्हा सुरू झालं. निवडही सुरू झाली, आणि आता मी भाषांतर करताना घाई करत नव्हतो. डाव्या हाताची परीक्षा झाली. मुठीला लाकूड की रबर, यावर अख्खा वसंत गेला. भारतात त्या वसंतात करोनाच्या दुसऱ्या लाटेत काय चाललं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. अण्णांचे दोन जुने मित्र एकाच आठवड्यात गेले. त्या दिवशी अण्णा अंगणात आले नाहीत. संध्याकाळी मार्टिन मृणालच्या दारात जाऊन पायरीवर बसला. बेल वाजवली नाही. अण्णांना खिडकीतून दिसला तेव्हा ते बाहेर आले आणि शेजारी बसले. मला कुणी बोलावलं नाही.

दोन हजार एकवीसच्या शरदात विमानं नीट सुरू झाली आणि अण्णांचं तिकीट निघालं. “विमानतळावर मीच सोडणार,” मार्टिन म्हणाला, “त्यात चर्चा नाही.” तीन महिन्यांसाठी आलेले अण्णा पावणेदोन वर्षं राहून निघाले होते. मृणालला कारखान्यात सुट्टी मिळाली नव्हती, तिनं सकाळीच रडून घेतलं होतं. समीरनं बॅगा ठेवल्या. मी दुभाषा म्हणून मागच्या सीटवर. मार्टिननं बस चालवावी तशी गाडी चालवली, प्रत्येक वळण आधीपासून मनात धरून. अण्णा पुढे बसून खिडकीतून बघत होते. कुणाचीही मापं काढत नव्हते.

आत जायच्या दाराशी आम्ही थांबलो. मास्क लावलेली माणसं आजूबाजूनं ढकलगाड्या घेऊन चालली होती. मार्टिननं कोटाच्या खिशात हात घातले, काढले, परत घातले. मग मला म्हणाला, “विचार त्याला. शेवटी कुठलं ठरलं माझ्यासाठी?”

मी विचारलं. अण्णांनी बॅग खाली ठेवली. मार्टिनचा कोट गळ्यापाशी वर आला होता, तो दोन्ही हातांनी खाली ओढून सारखा केला. असा स्पर्श दीड वर्षात त्यांनी एकमेकांना केला नव्हता.

“सांग त्याला,” अण्णा म्हणाले, “माल अजून यायचाय. आला की कळवतो.”

मी सांगितलं. मार्टिनचे डोळे भरून आले होते, पण मास्कच्या वर ते हसतही होते.

“ग्रँड,” तो म्हणाला. “थांबतो मी.”